मोटारीचा पोळा

आमच्या गावच्या मालकानं गोठ्यातले सगळे बैल मंगरूळपीरच्या बाजारात नेऊन विकले, तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं की हा माणूस आता काहीतरी अचाट करणार. त्याच्या घरी ट्रॅक्टर आला होता ना! लाल. सकाळ-संध्याकाळ तो त्याच्याभोवती फिरे, फडक्यानं पुसे, आणि चावडीवर बसून सांगे की बैल म्हणजे मागासलेपणा, शेणामुताचा पसारा. ज्या बैलांच्या जिवावर त्याच्या बापानं माडी चढवली, त्यांच्याबद्दल हा असं बोलायचा. ऐकणारे माना डोलवायचे, कारण ऐकणाऱ्यांपैकी अर्ध्यांची वखरणी त्या ट्रॅक्टरनं होणार होती.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. मी अकोल्याला ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या कारखान्यात हात बसवून आलो होतो आणि आमच्याकडच्या मालेगावात वाशीम रोडला माझं स्वतःचं पत्र्याचं दुकान होतं. धान्याच्या कोठ्या, लग्नातल्या पेट्या, दारं, ट्रॉल्या, जे येईल ते करायचो. हात चांगला आणि तोंड वाईट, अशी माझी ख्याती होती. दोन्ही खरं होतं. गावात माझं घर, थोरला भाऊ आणि त्याची शेती. मी सायकलनं जाऊन येऊन करायचो.

आता मालकाची अडचण काय झाली ते सांगतो. पोळ्याला आमच्या गावात मारुतीच्या देवळासमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधत. त्याखालून पहिली जोडी जायची ती मालकाच्या घरची. तिनं तोरण तोडलं की मग बाकीच्यांनी आपापल्या मानानं जायचं. हा मान कोणी दिला, कधी दिला, कोणाला ठाऊक नाही. पण गावात कोणी कोणाच्या पुढे बसायचं, लग्नात पहिला टिळा कोणाला, भांडणात शेवटचा शब्द कोणाचा, हे सगळं त्या रांगेवरून ठरे. मालकाच्या घराचं मोठेपण त्या तोरणाला लटकलेलं होतं. आणि ह्या शहाण्यानं बैलच विकून टाकले.

त्याच्या चुलतभावानं तेच धरलं. बैल नाही तर मान नाही, ह्या साली पहिली जोडी माझी, असं त्यानं चावडीवर सगळ्यांसमोर सांगितलं. मालक म्हणाला, सोयऱ्याची जोडी आणतो. चावडीवरचे म्हातारे म्हणाले, जमणार नाही, बैल आपल्याच गोठ्यातले पाहिजेत, उसने चालत नाहीत. मालक म्हणाला, ट्रॅक्टर आणतो. म्हातारे म्हणाले, आज तुम्ही आणाल, उद्या चुलतभाऊ घेईल, मग काय पोळ्यात डिझेलचा धूर खायचा? तेव्हा त्यांच्यातला एक म्हातारा, तोंडात तंबाखू, जरा गमत्या, म्हणाला की तुमच्या गोठ्यात तुमच्या बाची मोटार पडून आहे, ती आणा, फक्त शिंगं लावून आणा. चावडी खो खो हसली. मालक हसला नाही.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या दुकानात आला.

"मिस्त्री, बाबाची मोटार उभी कराची हाय. पोळ्याच्या आत. अन् तिले शिंगं पाह्यजे."

मला वाटलं, सकाळीच घेऊन आला की काय. पण माणूस शुद्धीत होता. त्यानं मला सगळं गंभीरपणे समजावून सांगितलं. म्हाताऱ्यांनी तोंडानं म्हटलं आहे, शिंगं असली तर चालेल, आणि म्हातारे आता शब्द फिरवू शकत नाहीत. शेवटी म्हणाला की मान गेला तर मी गावात राहून करू काय? एवढा मोठा जमीनदार, आणि जीव अडकला कुठं, तर आंब्याच्या पानांच्या दोरीत. मला त्याची कीव आली असं म्हणता येणार नाही. मला हसू आलं, ते मी पान्हे आवरायच्या निमित्तानं खाली वाकून लपवलं.

काम घेतलं ते मोटारीमुळे. ती विलायती गाडी त्याच्या बापानं इंग्रज असताना कोण्या जाणाऱ्या साहेबाकडून घेतली होती. मी बघायला गेलो तर ती गोठ्याच्या शेवटाला, कडब्यामागं, अंगावर धूळ घेऊन उभी. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यावर बसलेली. ड्रायव्हरच्या बाजूचं मडगाड भिंतीला लागून होतं म्हणून वाचलेलं. दुसऱ्या बाजूचं मी हातानं धरलं तर पापडासारखं मोडून हातात आलं. इतकी वर्षं त्याच्यावर गोमूत्राचे शिंतोडे उडत होते. पण वाचलेलं जे मडगाड होतं ना, त्याच्यावरून मी हात फिरवला आणि फिरवतच राहिलो. चाकावरून वर चढतं, मग असं उतरत जातं की कुठे वळण संपलं हे बोटाला कळत नाही. ट्रकच्या बॉडीत असलं काही नसतं. तिथं सगळं काटकोनात. मी ठरवलं, शिंगं गेली खड्ड्यात, हे मडगाड मी करणार.

गाडी बैलगाडीला बांधून, ती बैलगाडीही दुसऱ्याची, माझ्या दुकानात आणली. सुटा भाग कुठेच मिळणार नव्हता. मुंबईला असेल, असं जो तो सांगे; मुंबईला ह्यांच्यापैकी कोणी गेलं नव्हतं. मी चांगल्या मडगाडावर वर्तमानपत्राचे कागद खळीनं चिकटवले, वाळल्यावर सोलून काढले, आणि ते साचे उलटे करून दुसऱ्या बाजूचं माप काढलं. बाजारातला पत्रा ठोकला की फाटायचा. म्हणून पेट्रोलपंपावरून ऑइलचे ड्रम आणले, ते उभे चिरले, जमिनीवर सपाट केले. बाभळीच्या ओंडक्यात खळगा कोरला. पत्रा तापवून लाल करायचा, थंड होऊ द्यायचा, मग खळग्यावर धरून लाकडी मोगरीनं कडेकडून आत ठोकत जायचं. ठोकला की तो ताठ होतो, ऐकेनासा होतो, पुन्हा भट्टीत. घाई केली की सुरकुती पडते आणि सुरकुती पडली की तो तुकडा कोठीच्या झाकणाला. माझी दोन-चार झाकणं तशीच झाली.

आणि हे चालू असताना मालक रोज खुर्ची टाकून समोर बसलेला! आयुष्यात ज्यानं खिळा ठोकला नाही तो मला सांगणार, इथं जरा अजून गोल, तिथं जरा कमी. बाबाच्या टायमाले लय चमके, हे पालुपद. बसस्टँडवर एस.टी. थांबली की उतारूही येऊन उभे राहत. प्रत्येकाचा कोणीतरी मामा मोटारीतला जाणकार. कोणी म्हणे लांबीचा लगदा भरून टाका, कोणी म्हणे डांबर लावा. वाशीमहून इंजिनाचा मेकॅनिक आणला होता, तो दिवसभर बोनेटात डोकं घालून बिड्या ओढे आणि संध्याकाळी बाहेर येऊन सांगे की उद्या सुरू होईल. असे बरेच उद्या गेले. शेवटी ती सुरू झाली तेव्हा सगळ्यात जास्त आश्चर्य त्यालाच वाटलं.

मडगाडाचे तीन भाग झाले. ते गॅसनं जोडले, जोड घासले, रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर धरून गुळगुळीत हातोडीनं एकेक ठोका बसवला, काठाला आत तार घालून वळवून घेतलं. गाडीवर चढवलं आणि लांब जाऊन पाहिलं. दोन्ही बाजू सारख्या दिसत होत्या. मला तेव्हा कोणी विचारलं असतं की तुला आणखी काय पाहिजे, तर मी म्हटलं असतं, काही नाही, फक्त ह्या मालकाला इथून उठवा. ते मडगाड मी आजही डोळे मिटून हवेत हातानं काढून दाखवू शकतो.

मग शिंगं. आमच्याकडच्या गवळाऊ बैलाची शिंगं आखूड; मालकाला ती चालेनात. खिलारीसारखी पाहिजेत म्हणाला, लांब, मागं गेलेली. म्हणजे शिंगंसुद्धा उसनी! पत्र्याच्या तिरप्या कापलेल्या कड्या एकीला एक जोडत मी ती वाकवली, टोकाला पितळेच्या शेंब्या बसवल्या, आणि बोनेटाच्या दोन्ही अंगाला भोकं पाडून बोल्टानं आवळली. इतकी सुंदर गाडी, आणि तिच्या डोक्यावर हे. दुकानासमोरून जाणारे लोक थांबून बघायचे, मग माझ्याकडे बघायचे. मी सांगायचो, मला विचारू नका, ज्याची अक्कल आहे त्याला विचारा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गाडी गावात गेली. आमच्याकडे त्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं चोळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात. मी एक बोल्ट आवळायला गेलो होतो म्हणून हे डोळ्यांनी बघितलं. मालकाच्या घरच्या बाया ताट घेऊन आल्या आणि त्यांनी माझ्या मडगाडांना तूप-हळद चोळली. नव्या रंगावर! मालकानं हात जोडून बोनेटाला आवतन दिलं, उद्या जेवाले या म्हणून. मी तोंडात रुमाल कोंबला. मग मला चहा दिला. माझी कपबशी गोठ्याच्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली असायची, तिच्यात. ज्या पत्र्याला ते हळद लावत होते तो घडवणाऱ्या हातासाठी कोनाड्यातली कपबशी. हा विनोद त्यांच्यापैकी एकाच्याही लक्षात आला नाही. मी चहा तिथंच ओतला आणि निघालो.

आम्ही बौद्ध. छप्पन सालाआधी आमचीही बैलं पोळ्यात जात, सगळ्यांच्या शेवटी, तोरणाच्या चिंध्या पायाखाली आल्यावर. धम्म घेतला तेव्हा आमच्या वडिलांनी सांगितलं की शेवटच्या जागेसाठी रांग लावायची नाही. तेव्हापासून आमच्या घरी पोळा नव्हता. पण दादा, माझा थोरला भाऊ, बैलांवर जीव टाकणारा. त्या दिवशी तो त्यांना नाल्यावर धुवायचा, सुट्टी द्यायचा, आणि संध्याकाळी नाल्याअलीकडच्या चिंचेखाली त्यांना घेऊन उभा राहायचा. तिथून देऊळ आणि तोरण समोर दिसे. मी त्याला टोचायचो की त्यांचा तमाशा कशाला बघतोस. तो म्हणे, बैलांना वाजंत्री आवडते. गावात त्याच्यासारखी जोडी कोणाची नव्हती, हे चावडीवरचे म्हातारेही खासगीत कबूल करायचे.

पोळ्याच्या दिवशी मालकानं गाडी अशी सजवली की ओळखू येईना. शिंगांना हिंगूळ, शिंगांत बाशिंग, पुढच्या जाळीवर झेंडूचे हार आणि हारांवरून बोनेटभर बैलाची जाड झूल, आरसे लावलेली. मी म्हटलं, मालक, तिला दम लागेल, तिला तोंडानं वारा घ्यावा लागतो. तो म्हणाला, बैलाले लागते का दम झूल घातली तं?

वाजंत्रीमागून गाडी निघाली, पायी चालणाऱ्यापेक्षा हळू. मालक स्टीयरिंगवर, फेटा बांधून. मागं सगळ्या गावाची बैलं रांगेत, सगळ्यात पुढे चुलतभावाची जोडी. म्हातारे तोरणाच्या खांबाशी बसलेले. देवळासमोर आली आणि तोरणाच्या बरोबर अलीकडे गाडीनं वाफ सोडली. झुलीखालून, हारांतून, शिंगांच्या बुडातून सगळीकडून वाफ. एक आचका दिला आणि बंद पडली. बैल बुजले, बाया मागं सरल्या, वाजवणारे थांबले. मेकॅनिक वाशीमला पळाला होता. मालकानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, मी पत्र्याचा माणूस.

चुलतभाऊ पुढे आला. दिवस मावळायच्या आत जोडी गेली नाही तर मान माझा, म्हणाला. सूर्य देवळाच्या कळसामागं गेलेलाच होता. मालकानं गड्यांना हाक मारली, ढकला म्हणून. तर म्हाताऱ्यांनी हात वर केला. माणसांनी ढकललेलं तोरणाखालून जात नसतं. एकतर ते स्वतः चाललं पाहिजे, नाहीतर बैलानं ओढलं पाहिजे. कुठून काढतात हे नियम देव जाणे, पण काढतात मात्र तोंड वासायच्या आत. मग मालक रांगेतल्या एकेकाकडे फिरला, जोडी लावा म्हणून. कोणी हलेना. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवणं म्हणजे महापाप. त्याच्याच ट्रॅक्टरवर पोट असलेलेसुद्धा मान खाली घालून उभे राहिले. मालकाचा फेटा सुटला होता आणि तो खरोखर रडकुंडीला आला होता.

मग त्याची नजर चिंचेखाली गेली. आम्हाला पोळ्याचं पाप लागत नाही, हे त्याला बरोबर त्या वेळी आठवलं. त्यानं तिथूनच ओरडून दादाला बोलावलं, जू घेऊन ये, गाडी ओढ म्हणाला.

दादा बैलांना घेऊन नाला ओलांडून आला. तो लगेच हो म्हणाला नाही. त्यालाही त्या दिवशी जू ठेवायचं नव्हतं. बैलांच्या खांद्यावर हात ठेवून त्यानं एकदा तोरणाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग मालकाला म्हणाला, "ओढतो. पण बैल पुढं राह्यतीन, गाडी मागं."

"हो बे, राह्यतीन नं! आण लवकर!"

साऱ्या गावानं ऐकलं. म्हाताऱ्यांनी ऐकलं, चुलतभावानं ऐकलं. एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही, कारण सगळे सूर्याकडे बघत होते. दादानं जू ठेवलं, दोर गाडीला बांधला, आणि बैलांच्या कानाशी काहीतरी बोलला. बैल निघाले. वाजंत्रीवाल्यांना वाटलं आता वाजवायचं असतं, त्यांनी वाजवलं. तोरण बैलाच्याच मापानं बांधलेलं. उजव्या बैलाचं आखूड गवळाऊ शिंग त्याच्यात अडकलं, बैलानं मान झटकली आणि तोरण तुटून त्याच्या पाठीवर पडलं. मागून मालक आला, मी केलेली लांब शिंगं घेऊन, मोकळ्या आभाळाखालून. मी इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं. मला वडिलांची ती शेवटची जागा आठवत होती.

रात्री चावडी बसली. मालक म्हणाला, माझी गाडी गेली, मान राहिला. चुलतभाऊ तावातावानं उठला आणि म्हणाला, "तुही गाडी कायची गेली? पयली जोडी तं त्याईची गेली!"

त्याईची म्हणजे आमची. बोलून गेला आणि खाली बसला. मी पायरीखाली उभा होतो, मला त्यांचे चेहरे दिसत होते. आपल्या तोंडून काय निघालं आणि त्याचा अर्थ काय होतो, हे त्यांना एकेकाला कळत गेलं. भावाभावात इतके दिवस चाललेलं भांडण तिथल्या तिथं मिटलं. असा एकोपा मी त्या गावात त्याआधी पाहिला नव्हता. तंबाखूवाला तो गमत्या म्हातारा, ज्याच्या गमतीतून हे सगळं झालं, तोच शेवटी बोलला: ह्या साली पोळा भरलाच नाही. उद्या भरवू.

भरलाच नाही! अख्खा गाव उभा होता, बैल नाचले होते, तोरणाची पानं अजून देवळासमोर पडलेली होती. पण आमची जोडी पहिली गेली हे म्हणण्यापेक्षा ह्यांना आपला सण खोटा पाडणं सोपं वाटलं. सकाळी देवळासमोर गोमूत्र शिंपडलं, नवं तोरण बांधलं. तो दिवस तान्ह्या पोळ्याचा, लहान पोरांचा. एकीकडे पोरं लाकडाचे बैल घेऊन उभी, दुसरीकडे हे मिशावाले रांगेत उभे, अमावास्या उलटून गेलेली. मालकानं इंझोरीच्या सोयऱ्याची जोडी आणली होती. उसने बैल चालत नाहीत म्हणणारे म्हातारे त्या जोडीला कुंकू लावत होते. मोटार पुन्हा कडब्यामागं गेली होती. शिंगं त्यानं रागारागात उपटून काढली, तिथं बोनेटाला नुसती भोकं राहिली.

मी सायकल काढून दुकानाला निघालो. रस्त्याला लागून आमचं वावर. दादा कपाशीत बैल जुंपून डवरा धरून होता, रोजच्यासारखा. पलीकडून तो तंबाखूवाला म्हातारा देवळाकडे घाईनं चालला होता, तो धुऱ्यावर थांबला.

"काहून बे, आज कायले जुपले? आज पोळा हाय."

दादानं डवरा थांबवला नाही.

"आमचा काल झाला," तो म्हणाला, आणि ओळीच्या शेवटी त्यानं बैल वळवले.